पोरांना खेळायला न्यायचं कुठं? सांगलीतला आमचा शोध

सांगलीत एप्रिल लागला की दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. पारा चाळिशीच्या आसपास, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि घरात सुट्टी लागलेली दोन पोरं. साडेचार वाजले की "आई, चल की आता" सुरू. थोरली सात वर्षांची, धाकटा नुकताच तीनचा झालेला. गावभागात राहत होतो तोवर हा प्रश्न कधी पडला नाही. वाड्याला चौक होता, बाहेर बोळ होता आणि बोळात शेजारपाजारची पोरं होती. विश्रामबागेच्या बाजूला फ्लॅटमध्ये आलो आणि पोरांच्या वाट्याला पार्किंग आलं. तिथं चेंडू उडाला की कुणाच्या तरी गाडीवर जातो आणि वरून कुणाची तरी हाक येते. त्यांचंही बरोबरच आहे, गाडी नवी असते.

मग आम्ही दोघांनी ठरवलं, की जमेल तसं संध्याकाळी आणि रविवारी सकाळी निघायचं आणि सांगली, मिरज, कुपवाड पालथं घालायचं. पोरांना जीव तोडून खेळता येईल, सासूबाईंना टेकून बसता येईल, आणि आम्हाला सारखं "अरे पडशील, अरे पडशील" ओरडावं लागणार नाही, अशा जागा शोधायच्या. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडीतही फिरलो. तीन ऋतूंत एकच जागा तीन वेगळ्या जागा होतात, हे त्यातून कळलं. म्हणून उन्हाळ्यात एकदा बघून "ही बाग झकास" असं कुणी सांगितलं, तर मी आता लगेच मान डोलवत नाही.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, घरातल्यांना विचारलं. सासऱ्यांपुढं प्रतापसिंह उद्यानाचं नाव काढलं की त्यांना तिथला पूर्वीचा सिंह आठवतो. सासूबाई म्हणाल्या, "आमराईत जावा की. सावली तरी मिळंल लेकरांना." त्यांचं ऐकून पहिल्यांदा आमराईत गेलो ते बरं झालं. संस्थानकाळापासूनची जागा, जुनी थोराड झाडं. सकाळी फिरायला येणाऱ्यांची तिथं रीघ असते. उन्हाळ्यातल्या उशिरा सकाळी बाहेरच्या रस्त्यावर डोळे उघडवत नसताना झाडांखालची जमीन थंड लागते. धाकट्यानं आल्या आल्या चपला काढून फेकल्या आणि पाचोळ्यात काड्या गोळा करत बसला. तीन वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. त्याला खेळणं लागत नाही. माती, काडी, दगड आणि सावली लागते. थोरलीला मात्र पुरत नाही. तिला चढायचं असतं, लोंबकळायचं असतं, कुणाशी तरी पळायची पैज लावायची असते. एकाच घरातल्या दोन पोरांना एकच जागा आवडेल असं नसतं, आणि दोघांना एकाच वेळी सांभाळायचं तर दोघांचं भागेल अशी जागा हवी. आमचा शोध खरा इथून सुरू झाला.

बाग म्हटली की आपण रंग बघतो. नवीकोरी लाल-पिवळी घसरगुंडी दिसली की पोरं धावतात आणि आपणही खूश होतो. मिरजेतल्या हाडांच्या एका डॉक्टरांनी मला पायाखाली बघायला शिकवलं. जावेच्या मुलाचा हात मोडला होता म्हणून त्याला घेऊन गेलो होतो. प्लास्टर घालता घालता डॉक्टर म्हणाले, बागेत पोरांना लागतं ते बहुतेक पडल्यामुळं, आणि किती लागणार हे तो किती उंचावरून पडला आणि कशावर पडला यावर ठरतं. खेळण्याचा रंग, कंपनी, किंमत याच्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हापासून कुठंही गेलं की मी आधी घसरगुंडीच्या तोंडाशी आणि झोक्याखाली जाऊन उभी राहते.

काय काय दिसलं सांगते. एका नव्या बागेत घसरगुंडी थेट पेव्हिंग ब्लॉकवर उभी केलेली. दिसायला स्वच्छ, झाडायला सोपी, आणि पोरगं डोक्यावर पडलं तर फरशीवर पडल्यासारखंच. दुसऱ्या ठिकाणी मुरूम टाकून रोलर फिरवलेला. मुरूम पळायला बरा असतो, पावसात चिखल होत नाही, पण त्यावर घसरलं की गुडघा सोलून निघतो, आणि दाबून बसलेला मुरूम सिमेंटपेक्षा फार मऊ नसतो. हिरवळ चांगली, पण झोक्याखालची हिरवळ पोरांच्या पायांनी महिन्याभरात जाते. तिथं खळगा पडतो, टणक होतो आणि पावसाळ्यात त्यात पाणी साठतं. सगळ्यात चांगली वाळू. साधी, गोल कणांची, मोकळी वाळू, आणि ती फूटभर खोल हवी. वरवर दोन इंच पसरलेली वाळू म्हणजे नुसता देखावा. शिवाय ती अधूनमधून खोऱ्यानं उकरून सैल करावी लागते, कारण पाय पडून पडून ती दबते. आत काच नाही ना, कुत्र्या-मांजरांनी घाण केली नाही ना, हे रोज कुणीतरी बघावं लागतं. रबराच्या लाद्या काही ठिकाणी आल्यात. पडायला त्या छान, पण आपल्याकडच्या उन्हात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा.

घसरगुंडीचंही तेच. पत्र्याची असो की फायबरची, उन्हात तापतेच. हाताचा मागचा भाग पाच सेकंद टेकवून ठेवता आला तरच पोराला वर पाठवायचं, हा आमचा नियम. लहान मुलांची मांड्यांची कातडी आपल्यापेक्षा नाजूक असते, आणि घसरताना त्यांना मध्येच उठता येत नाही. घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडं असेल तर ती कमी तापते. पश्चिमेकडं असेल तर संध्याकाळचं ऊन थेट पत्र्यावर आणि पोराच्या डोळ्यांतही. बाग आखताना एवढं बघितलं तर एक पैसासुद्धा जास्त लागत नाही.

त्याच डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी भेटेल त्या आईला सांगते. लहान पोराला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. आपल्याला वाटतं तो एकटा घाबरेल, म्हणून आपण त्याला धरून बसतो. पण त्याच्या बुटाचा रबरी तळ कडेला अडकला की त्याचा पाय मागं राहतो आणि आपलं सगळं वजन पुढं जातं. नडगीचं हाड पिरगळून मोडतं. एकटा घसरणारा पोरगा पाय अडकला तर थांबतो, कारण त्याला ढकलणारं वजन मागं नसतं. जो एकटा बसू शकत नाही त्यानं त्या घसरगुंडीवर अजून जायचं नाही, इतकं सोपं आहे. आणि गळ्यातला काळा दोरा, ताईत, ओढणी, स्वेटरच्या टोपीची नाडी, हे सगळं चढायच्या आधी काढून पिशवीत. नजर लागू नये म्हणून बांधलेला दोरा खिळ्यात अडकला तर गळ्याला फास बसतो. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. मग त्याच आधी विचारायला लागल्या, "दोरा काढला का गं त्याचा?" आणि शेवटी काळा दोरा त्यांनी स्वतःच गळ्यातून सोडून पोराच्या दंडाला बांधला.

झोक्याची कडी एकदा जवळून बघाच. वरच्या आडव्या पाइपाला जो आकडा असतो आणि त्यात साखळीची पहिली कडी अडकते, तिथं लोखंडावर लोखंड घासतं. एका बागेत मी नवऱ्याच्या खांद्याला धरून चौथऱ्यावर चढले आणि ती कडी बघितली. बाकीच्या कड्या करंगळीएवढ्या जाड होत्या, ही घासून घासून निम्मी झालेली, आतून चकचकीत, एका बाजूला धार आलेली. खाली दहा-बारा वर्षांची दोन पोरं उभ्यानं झोका घेत होती. त्यांना हाक मारून उतरवलं, कडी दाखवली, आणि त्या पोरांनीच बागेच्या माळ्याकडून सुतळी आणून झोका वर गुंडाळून बांधून टाकला. आम्ही फोटो काढून अर्ज दिला आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेतलेला अर्ज आणि तोंडी तक्रार यांत फार फरक पडतो. अर्जात "खेळणी नादुरुस्त आहेत" असं मोघम लिहू नये. कुठला झोका, कुठली कडी, कुठल्या बाजूची, हे लिहून फोटो जोडावा. वेळ लागला, पाठपुरावा करावा लागला, पण कडी बदलली.

बाकीची तपासणी सोपी असते. झोक्याच्या पुढं-मागं वरच्या आडव्या पाइपाच्या उंचीच्या दुप्पट तरी मोकळं हवं, नाहीतर रांगणारं पोरगं झोक्याच्या वाटेत येतं. चढायच्या जाळीत किंवा कठड्यात साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान फट नसावी, कारण तेवढ्या फटीतून लहान मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. माझी मूठ आडवी धरली की साधारण साडेतीन इंच भरते, टेप लागत नाही. आणि ओपन जिम. हल्ली खेळण्यांच्या शेजारीच मोठ्यांच्या व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवलेली असतात. पोरांना ती खेळणीच वाटतात. त्यांच्या सांध्यांत बोट सापडलं तर चेंगरतं. धाकट्याला घेऊन आम्ही त्या बाजूला जातच नाही.

पावसाळ्यात कृष्णामाईचा विचार केल्याशिवाय सांगलीत काहीच ठरवता येत नाही. आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांवर गेलं की धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं होतं, हे इथल्या पहिलीतल्या पोरालाही ऐकून माहीत असतं. 2005 ला बघितलं, 2021 ला परत बघितलं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता, सांगलीवाडी या बाजूला पाणी आधी शिरतं. शामरावनगरात तर पुराची वाटही बघावी लागत नाही, नुसता जोराचा पाऊस झाला तरी पाणी तुंबतं. पाणी उतरलं की मागं गाळ राहतो. तो गाळ वाळूत बसतो, खेळण्यांच्या पायांशी बसतो, आणि पाइपाच्या बुडाशी जो गंज चढतो तो वरून रंग मारला तरी आत वाढत राहतो. म्हणून नदीकाठच्या भागातल्या खेळण्यांपाशी पावसाळ्यानंतर पहिल्यांदा गेलं की मी खांबाच्या मुळाशी चप्पल आपटून बघते, आवाज भरीव येतोय की पोकळ. पोकळ आला तर त्या खेळण्यावर पोरं चढत नाहीत. गाळात काचा असतात, खिळे असतात, साप असतात. पूर ओसरल्यावर काही आठवडे तरी पोरांना त्या बाजूला अनवाणी सोडू नये.

घाटाबद्दलही लिहायला हवं, कारण बाहेरून आलेले पाहुणे हटकून विचारतात. कृष्णेचा घाट, वसंतदादांची समाधी, संध्याकाळचा वारा, पलीकडं सांगलीवाडी. घरच्या सगळ्यांना घेऊन बसायला याच्याइतकी सुंदर जागा गावात नाही. हरिपूरला संगमेश्वराच्या देवळामागं कृष्णा-वारणेचा संगम आहे, तिथंही आम्ही जातो. पण नदीकाठ म्हणजे खेळायची जागा धरू नये. भिलवडी, अंकलखोपपासून डिग्रज, सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत. त्या दिसतात, आणि त्यांनी माणसांवर हल्लेही केलेत. पोरं पायरीवर बसतात, भडंग खातात, होड्या बघतात, आणि त्यांचा हात कुणाच्या तरी हातात असतो. पळापळ घाटावर नाही, हे घरातून निघतानाच सांगून ठेवलेलं असतं.

थोरलीसाठी आम्ही बागांकडून मैदानांकडं वळलो. तिला क्रिकेट खेळायचंय. स्मृती मानधना माधवनगरात वाढली, हे तिला तिच्या वर्गातल्या मैत्रिणींनी सांगितलं, आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला त्या रात्रीनंतर तर घरात बॅट खाली पडली नाही. सासऱ्यांनी तिला सांगितलं की विजय हजारेसुद्धा सांगलीचेच, 1915 चा जन्म. तिला ते फार जुनं वाटलं, पण तिनं लक्षात ठेवलं.

शिवाजी स्टेडियम, तरुण भारत स्टेडियम, नेमिनाथनगरचं कल्पद्रुम मैदान, सांगलीवाडीचं चिंचबन अशी मोठी मोकळी मैदानं आपल्याकडं आहेत, हे भाग्यच म्हणायचं. मोठ्या मैदानाची मजा बागेत येत नाही. तिथं पोरगं नुसतं पळत सुटतं, कुठं जायचंय म्हणून नाही, पळता येतंय म्हणून. फ्लॅटमधल्या पोरांना सरळ रेषेत दमेपर्यंत पळायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण मैदान मोठं असलं की मोठी पोरं येतात, एकाच वेळी चार-पाच सामने चालतात आणि सीझन बॉल कुठून येईल सांगता येत नाही. सात वर्षांच्या मुलीला तिथं कोपऱ्यात ढकललं जातं. आम्ही म्हणून मोठ्या मैदानावर रविवारी अगदी सकाळी जातो, उजाडता उजाडता. मेळावा, प्रदर्शन, फटाक्यांचे स्टॉल, सभा असं काही नुकतंच होऊन गेलेलं असेल तर त्या आठवड्यात जातच नाही. मांडव निघतो, पण जमिनीत खिळे आणि तारांचे तुकडे राहतात. एकदा नुसतं चालून मी ओंजळभर खिळे गोळा केले. मैदान भाड्यानं देताना घेणाऱ्याकडून लोहचुंबक फिरवून जमीन साफ करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. खर्च किरकोळ आहे.

माझा एक भाचा चाकांच्या खुर्चीवर आहे. तो सुट्टीला आला तेव्हा एवढे दिवस डोळ्यांना न दिसलेलं दिसायला लागलं. बागेत मोटरसायकली घुसू नयेत म्हणून फाटकापाशी लोखंडी पाइपांची नागमोडी वाट केलेली असते. मोटरसायकल थांबते हे खरं, पण खुर्चीही थांबते. जुळ्यांची बाबागाडी थांबते, काठी टेकत येणाऱ्या आजी थांबतात. एका ठिकाणी आम्ही दोघांनी खुर्ची उचलून आत घेतली तेव्हा तो म्हणाला, "मामी, बाहेरच थांबू की. मला इथनं दिसतंय." तो दहा वर्षांचा आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे, आणि सार्वजनिक जागेत त्यांना जाता यायला हवं असं त्यात स्पष्ट आहे. त्या दिवसापासून कुठल्याही बागेत गेलं की खुर्ची जाईल का, आत गेल्यावर वाट कुठवर पक्की आहे, आणि त्याला हात घालता येईल असं काही आहे का, हे आम्ही बघतो. उंच ओट्यावर ठेवलेली वाळू, वाजवता येईल असं काही, बसून खेळता येईल असा झोका यातलं एक जरी असलं तरी तो खेळतो. अशा जागा थोड्या सापडल्या. जिथं वाट सपाट होती तिथं त्यानं अंपायरिंग केलं, आणि त्याच्या निर्णयावर कुणी वाद घातला नाही.

संडासबद्दल थोडक्यात सांगते. मुलींना घेऊन बागेत येणाऱ्या आया पाणी कमी पाजून आणतात, कारण आत सोय नसते किंवा कुलूप असतं. एवढी एक गोष्ट सुधारली तर बायका-मुली दुप्पट वेळ थांबतील.

थोरली एका वहीत प्रत्येक जागेचं नाव लिहून पुढं "परत यायचं" किंवा "नको" असं लिहायची. ती वही मी एकदा नीट वाचली. सगळ्यात महागडी खेळणी असलेल्या बागेपुढं "नको" होतं. जिथं एक मोडका सीसॉ आणि दोन झाडं सोडून काही नव्हतं, तिथं "परत यायचं". का गं, विचारलं तर म्हणाली, "तिथं त्या पोरी रोज असतात." जिथं ओळखीची पोरं रोज भेटतात, तिथं डाव कालच्या जागेपासून पुढं सुरू होतो. जिथं आठवड्यातून एकदा गाडी काढून जायचं, तिथं पोरगं प्रत्येक वेळी नव्यानं एकटं असतं. हे कळल्यावर आम्ही लांबच्या जागा सोडल्या आणि घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात शोधायला लागलो. रस्ता ओलांडायचा असेल तर एकदाच, आणि शंभर फुटी रस्ता तर अजिबात नाही.

अशा जागा आपल्याकडं बऱ्याच कॉलन्यांत आहेत. सगळे त्याला ओपन स्पेस म्हणतात. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचं प्लॉटिंग करताना दहा टक्के जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडावी लागते, राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीतही हेच आहे. ती जागा आखलेली असते, नकाशात असते. प्रत्यक्षात कुठं काँग्रेस गवत माजलेलं असतं, कुठं कोपऱ्यात देऊळ झालेलं असतं, कुठं हॉल बांधलेला असतो, कुठं कुणाची तरी वाळू-खडी पडलेली असते. देवळाला माझी ना नाही. देवळामुळं दिवा असतो, झाडलोट होते, आजी-आजोबा येतात, आणि पोरांवर आपोआप नजर राहते. हॉलला मात्र माझा विरोध आहे. लग्न-बारशाला इतरत्र जागा मिळते. पोरांना दुसरी जागा मिळत नाही.

आमच्या मागच्या गल्लीपलीकडं अशीच एक ओपन स्पेस निघाली. तीन बाजूंनी घरं, एका बाजूला कमी रहदारीचा रस्ता, मध्ये एक मोठा कडुनिंब आणि कडेला गुलमोहर. खेळणी एकही नाही. पहिल्या दिवशी कट्ट्यावर बसलेल्या आजींनी थोरलीला विचारलं, "कुठल्या गल्लीतली गं तू?" तिनं सांगितलं. "मग एवढे दिवस कुठं हुतीस?" म्हणाल्या. झालं, प्रवेश मिळाला. पोरी लंगडी खेळत होत्या. धाकट्याला त्यांनी कच्चं लिंबू केलं, म्हणजे तो पळणार, पण बाद होणार नाही. गुलमोहराखाली दोन पोरं कळ्या फोडून आतल्या तुऱ्यांची झुंज लावत बसली होती, कुणाच्या तुऱ्याचं डोकं आधी तुटतं ते बघत. मी हा खेळ लहानपणी खेळले होते. माझ्या पोरांना तो मी शिकवला नव्हता, त्या पोरांनी शिकवला.

जागा चांगली राहावी म्हणून तिथल्या बायकांनी आधीच काही ठरवून ठेवलेलं होतं, ते मला फार आवडलं. साडेपाच ते साडेसहा बारक्यांची वेळ, त्यानंतर मोठ्या पोरांचं क्रिकेट, आणि तेही टेनिस बॉलनं. चेंडू कुणाच्या अंगणात गेला तर बेल वाजवून मागायचा, भिंतीवरून उडी नाही. गाडी कडेलाच लावायची. आजी कट्ट्यावर असेपर्यंत कुणाची आई नसली तरी चालतं. आम्ही आल्यावर एक भर पडली. ट्रॉलीभर वाळू आणून झाडाखाली जुन्या विटांची कड लावून खड्डा भरला आणि रात्री झाकायला ताडपत्री घेतली. वर्गणी काढली, कुणालाच जड गेली नाही. धाकटा आता त्यात तासभर असतो. आणि एका घरासमोर उतार करून घेतला, त्यामुळं भाचा येतो तेव्हा त्याची खुर्ची कुणी न उचलता आत जाते.

ज्यांच्या जवळ अशी जागा नाही त्यांनी शेजारच्या शाळेत विचारून बघावं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं आहे, म्हणजे बऱ्याच ठिकाणी मैदानं आहेत. सुट्टीत त्यांना कुलूप असतं एवढंच. चार-पाच पालकांनी मिळून लेखी दिलं, जबाबदारी घेतली, वेळ ठरवली, तर काही ठिकाणी संध्याकाळी फाटक उघडून देतात. आमच्या ओळखीत दोन कॉलन्यांनी असं करून घेतलंय. एकट्यानं जाऊन विचारलं तर नाही म्हणतात, हेही सांगते.

आता आमचं वेळापत्रक असं बसलंय: रोज संध्याकाळी ओपन स्पेस, रविवारी सकाळी मोठं मैदान, फार ऊन असेल तेव्हा आमराई, आणि पाहुणे आले की घाट. आमच्या ओपन स्पेसला अजून एक अडचण आहे. पश्चिमेची बाजू उघडी आहे आणि साडेपाचचं ऊन थेट पोरांच्या तोंडावर येतं. जूनचा पहिला पाऊस झाला की त्या कडेला करंज आणि कडुनिंबाची रोपं लावायचं ठरलंय. खड्डे काढून, शेणखत घालून तयार आहेत. प्रत्येक रोप एकेका पोराच्या नावावर दिलंय, आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी कोण कधी घालणार याची यादी आजींच्या घराच्या दाराला आतून चिकटवलीय. लोखंडी ट्री गार्ड महाग पडतात म्हणून बांबूचे करायचे आहेत. बांबू आलाय, रविवारी सकाळी बसायचंय.